औषधांची पिशवी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाण्याची आपल्या धर्मग्रामांतील प्रथा जुनी आहे. या फेरीत आम्हांस घरोघरी एक वस्तू हटकून दिसते. कुठे ती पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली असते, कुठे खिडकीच्या कट्ट्यावर, तर कुठे बिस्किटांच्या जुन्या डब्यात. ती म्हणजे औषधांची पिशवी. तिच्यात कात्रीने कापलेल्या व त्यामुळे नाव हरवलेल्या पट्ट्या असतात, अर्धवट संपलेल्या बाटल्या असतात आणि तीन-चार इस्पितळांचे घडी घातलेले कागद असतात. कोणती गोळी कोणत्या डॉक्टरांची, हे विचारले तर घरातील माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.

आमच्या बालपणी गावाला एकच डॉक्टर असे. तीन पिढ्यांच्या नाड्या त्याला ठाऊक असत. आज आजारी माणूस गावच्या दवाखान्यातून तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये, तेथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात, आणि पुन्हा घरी असा प्रवास करतो. त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु प्रत्येक उंबरठ्यावर एखादी गोळी बदलते, एखादी वाढते, एखादी बंद होते, आणि संपूर्ण पिशवी कोणीच पाहत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामातील साठीच्या एका गृहस्थांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत मुंबईच्या एका इस्पितळात स्टेंट बसविला गेला. चौथ्या दिवशी ते हसतमुखाने घरी आले. सोबतच्या कागदावर आठ औषधे होती. त्यांतील पोटाचे व वेदनेचे औषध पाच दिवसांचे होते, तर अॅस्पिरीन व क्लोपिडोग्रेल दीर्घकाळ चालू ठेवायची होती. पण सर्व औषधे एकाच कागदावर, एकाच अक्षरात, एकाखाली एक लिहिलेली होती. इस्पितळातून दिलेल्या पट्ट्या पंधरा दिवसांत संपल्या. घरच्यांना वाटले, कोर्स पुरा झाला. रुग्णही बरा दिसत होता. सातव्या आठवड्यात आम्ही त्यांच्या दफनविधीला उभे होतो. गोळ्या थांबल्या म्हणूनच हे घडले, असे ठामपणे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. तथापि नंतर एका डॉक्टर मित्राने आम्हांस समजावून दिले की स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. शरीराचे अस्तर तिच्यावर चढेपर्यंत तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका राहतो. म्हणून ही दोन औषधे अनेक महिने, पुष्कळदा वर्षभर, जोडीने घ्यावी लागतात आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही सोडायची नसतात. हे चार वाक्यांचे ज्ञान त्या घरापर्यंत पोहोचले नव्हते. कन्या शिकलेली होती. मुलगा बँकेत होता. शिक्षणाचा येथे संबंध नाही.

याच्या उलटही घडते. आपल्या देशात एकाच औषधाला कंपनीगणिक निराळे नाव असते. रक्तदाबाची आम्लोडिपिन ही गोळी गावचा डॉक्टर एका नावाने देतो, शहरातील इस्पितळ दुसऱ्या नावाने. घरी आलेली आजी दोन्ही इमानेइतबारे घेते, आणि सकाळी मिस्सेला जाण्यासाठी उठताना तिला घेरी येते. २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने औषधे मूळ नावाने व सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला. तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपल्याच घरातील कागद काढून पाहावे.

इन्शुलिनची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. ४० ची सिरिंज लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने टोचले तर मात्रा अडीचपट होते. इस्पितळात परिचारिका टोचते, घरी सून टोचते. तिला हा रंगांचा फरक कोणी सांगितला का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी इजा कमी करण्याची मोहीम सुरू केली. तिने निवडलेल्या तीन मुख्य क्षेत्रांत 'रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ' हे एक आहे. औषधांच्या चुकांचा जगाला दरवर्षी ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा त्या संघटनेचा अंदाज होता. असो. आकड्यांनी कोणाची पिशवी आवरली जात नाही.

आम्हांस या संदर्भात तोबीतचे पुस्तक आठवते. देवदूत राफाएल तरुण तोबीयाला तिग्रिस नदीच्या काठी माशाचे पित्त जपून ठेवायला सांगतो व ते कशासाठी, हेही सांगतो. प्रवास संपून घर जवळ येते, तेव्हा आंधळ्या पित्याच्या डोळ्यांना ते कसे लावायचे, हे तो पुन्हा एकदा सांगतो. औषध एकदा हाती दिले म्हणून तो देवदूत निश्चिंत झाला नाही. घरी सोडण्याच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी जी घाई उडते, ती पाहिली की राफाएलची सवड आम्हांस हेवा वाटण्याजोगी वाटते.

डॉक्टरांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांच्या दाराशी रांग असते. घरातील एका व्यक्तीने मात्र एक वही ठेवावी. तिच्यात औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी व कधीपर्यंत, आणि कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठते, एवढे लिहावे. आयुर्वेदिक काढा व दुकानातून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळीही लिहावी, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती गोळी पोटात रक्तस्राव घडवू शकते. इस्पितळातून निघताना तेथील परिचारिकेला तीनच प्रश्न विचारावेत: नवे काय, बंद काय, बदलले काय? आणि वही गावच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावी.

११ फेब्रुवारीला, लुर्द मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळते. त्या दिवशी रुग्णाभ्यंगाच्या मिस्सेनंतर आमच्या सभागृहात एक केमिस्ट व दोन निवृत्त परिचारिका टेबले मांडून बसणार आहेत. ज्येष्ठांनी घरातील पिशवी जशी असेल तशी, काही न काढता, न टाकता, सोबत आणावी. चष्मा विसरू नये.