आवळा देऊन कोहळा

आम्हा मास्तर मंडळींचा भोपळ्याशी संबंध जुना. मराठी मुलाला शून्य गुण मिळाले की त्याच्या पदरात भोपळा पडतो. माझ्या हिंदी माध्यमाच्या शाळेत त्याच शून्याला मुलं ‘अंडा’ म्हणतात. गुण तेवढेच; एक मुलगा भाजी घेऊन घरी जातो, दुसरा अंडं! दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांना अशा गमती रोजच भेटतात. पण कधीकधी गमतीच्या पोटात काळजीही असते.

आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. अन्नपूर्णेचं देऊळ जवळ, चोइथराम मंडीही फार लांब नाही. होळकरशाहीत दख्खनहून माळव्यात आलेल्या अनेक घरांपैकी आमचं एक. आई पंचाऐंशीची, तिची मराठी अजून सोवळ्यातली. मुलाची मराठी इंदुरी, आणि देवासहून आलेली सून हिंदी भाषक घरातली. मराठी ती हौसेने बोलते, अडली की हिंदीचा टेकू घेते.

मागच्या दिवाळीत फराळाचं टेबल तिने मांडलं. शरद ऋतूत परदेशी लोक जेवणाचं टेबल भोपळ्यांनी सजवतात, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं. दोन्ही कडांना लाल भोपळे, भोवती झेंडू, मध्ये पणत्या आणि पणत्यांमागे पांढुरका, राख फासल्यासारखा एक कोहळा. दिसत होतं मोठं देखणं. आईच्या कपाळाला मात्र आठी पडली.

“अगं, कोहळा असा शोभेला मांडतात का? देवीचा मान आहे तो. नवरात्रात होमाला त्याचा बळी देतात.”

“आजी, मी कापला कुठे?” सून म्हणाली. “आमच्याकडेही अख्खा कुम्हड़ा बायका कापत नाहीत. आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची, मग आम्ही.”

आई चमकली. आमच्याकडेही हीच रीत. देवासच्या घरात ती असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मग मी माझं एम.ए. उपयोगात आणलं. म्हटलं, संस्कृतातला ‘कूष्मांड’ मराठीत येऊन कोहळा झाला, हिंदीत जाऊन कुम्हड़ा झाला. नवदुर्गांतल्या चौथ्या देवीचं नावही कूष्मांडाच. एका आजीची ही दोन नातवंडं; आडनावं काय ती बदलली.

त्या टेबलाकडे पाहताना मात्र मला निराळीच मौज वाटत होती. त्यावरचा जुना रहिवासी एक कोहळाच. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय जहाजं तिकडे जाऊ लागल्यावर तो इकडे आला, आणि आज गौरीच्या नैवेद्याला आणि ऋषिपंचमीच्या भाजीला त्याच्यावाचून चालत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही तिकडचाच. आयरिश लोक मायदेशी हॅलोविनला सलगम कोरून आत दिवा ठेवत. ते अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा सापडला, आणि सलगम मागे पडला. परमुलखात गेलेला माणूस सण सोबत नेतो; सामान मात्र तिथल्या बाजारातून घेतो. आपण माळव्यात वेगळं काय केलं?

रात्री आई म्हणाली, “अरे, टेबलाचं काही नाही. पण माझ्यामागे कूष्मांड नवमी कोण करणार?” काळजी होती ती ही.

कार्तिक शुद्ध नवमी म्हणजे दिवाळी पाडव्यापासूनचा नववा दिवस. त्या दिवशी कोहळ्याची पूजा करून तो दान द्यायचा. जुनी माणसं आत नाणं घालून गुप्तदान करीत. सुनेच्या माहेरी आणि आमच्या शेजारी हीच तिथी आंवला नवमी. बायका आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याखाली जेवतात. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे शेजाऱ्यांचं लक्ष्मीपूजन कार्तिकात आणि आपलं आश्विनात! शुद्ध पक्ष लागला की मात्र दोन्ही पंचांगं एकाच महिन्यात येतात.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण समजावली. थोडंसं देऊन मोठं पदरात पाडून घेणारा धूर्त माणूस, असा तिचा अर्थ. ती हसून म्हणाली, “बाबा, मग नवमीला आपल्याकडे दोन्ही होऊ दे. मी आवळा आणते, आजींनी कोहळा द्यावा.”

नवमीपर्यंत टेबल तसंच राहिलं. आई जाता-येता सूचना करू लागली : भोपळा देठासकट घ्यावा, देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतो, कोहळ्यावरची राख पुसू नये, तिच्यामुळेच तो टिकतो. नवमीला सुनेने कुंडीतल्या आवळ्याच्या रोपाला पाणी घातलं आणि आईच्या शेजारी बसून कोहळ्याला कुंकू लावलं. संकल्प आईने सांगितला, तिने अडखळत म्हटला. कोहळा गुरुजींकडे गेला. लाल भोपळ्यांना मी विळी लावली. तुळशीच्या लग्नाला त्यांचे घारगे झाले.

यंदाच्या भिंतीवरल्या कॅलेंडरात त्या तारखेखाली सुनेच्या अक्षरात लिहिलेलं आहे : ‘आंवला नवमी. कोहळा आणणे.’ आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. आंवल्यावरचा अनुस्वार तिने खोडला नाही. मीही लाल शाई उचलली नाही.