दोन्हीकडचा एकेक माणूस

माझ्या खालाची मुलगी पोटगीसाठी पहिल्यांदा कोर्टात गेली तेव्हा तिचा मुलगा कडेवर होता. निकाल लागला त्या दिवशी कागदांची पिशवी त्याच्याच हातात होती. तेव्हाच्या कलम १२५ खालची ती केस. २०११ साली दाखल झाली आणि २०१७ साली हुकूम झाला. हुकुमानंतर वसुलीची वेगळी तारीख, त्या तारखेला नवरा गैरहजर, मग वॉरंट, मग चार महिने पैसे, मग पुन्हा बंद. गावात 'तारीख' हा शब्द कुणी उच्चारला की अम्मी आजही माझ्या खालाची आठवण काढते.

तिच्या नवऱ्याने कोर्टात दिलेल्या जबाबात लिहिले होते, मी हिला फार पूर्वीच तलाक दिला आहे, म्हणून पोटगीचा प्रश्नच येत नाही. तलाक कधी दिला, कुणासमोर दिला, का दिला, याचा पत्ता नाही. आमच्या भागात ही जुनी युक्ती आहे. आणि गंमत अशी की, ही युक्ती मोडून काढणारा निकाल आमच्याच शेजारचा. लातूरचे दगडू पठाण आणि रहीमबी पठाण यांचे प्रकरण. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने मे २००२ मध्ये सांगितले की, तलाक दिला असे नुसते जबाबात लिहून भागत नाही. त्याला योग्य कारण होते आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे पतीने सिद्ध केले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. शाहबानोचे नाव आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. लातूरच्या रहीमबीचे नाव आमच्या स्टाफरूममध्ये एकीलाही माहीत नव्हते. मलाही नव्हते. ते मला कळले माझी स्वतःची वेळ आली तेव्हा.

माझे सासर उदगीरचे. त्यांचे मोबाइलचे दुकान होते, माझी नोकरी मुखेडच्या उर्दू शाळेत. शिक्षणसेवकाची तीन वर्षे मी जेमतेम पूर्ण केली होती. नोकरी सोडून ये, असे त्यांचे म्हणणे. दुकान इकडे हलवा, असे माझे. यात कोण चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन वर्षे आम्ही शनिवार-रविवारचे नवराबायको होतो, नंतर सणावारांचे, नंतर फक्त मुलीच्या तापापुरते. मारहाण नव्हती, शिवी नव्हती. हे मुद्दाम लिहिते. जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे चार माणसे बसवून बोलणी करा असे मी कुणाला सांगणार नाही. तिथे पोलीस आणि कोर्टच.

२०२१ च्या डिसेंबरात त्यांनी फोनवर म्हटले, "अब ये ऐसा कब तक चलेंगा?" मी म्हटले, मीही तेच विचारणार होते. आमचे कित्येक महिन्यांत एकमत झाले ते या एका गोष्टीवर.

दोघांनाही नको असेल तर आपल्या कायद्यात त्याला शब्द आहे, मुबारात. शब्दाचा अर्थच एकमेकांना मोकळे करणे. १९३७ च्या शरीयत कायद्यात तो नावानिशी आहे. २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा एका दमात दिलेल्या तीन तलाकविषयी आहेत. मुबारातला त्यांनी हात लावलेला नाही. पण आमच्या बाजारात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. लोकांना तलाक माहीत, फार तर खुला.

अम्मी म्हणाली, "घर की बात घर मेंच मिटाओ, कोरट की पायरी नक्को." अब्बांनी सूरह निसाची ३५ वी आयत काढून वाचली, पतीकडचा एक आणि पत्नीकडचा एक हकम नेमण्याची. ती आयत मुळात समेटासाठी आहे, हे मलाही ठाऊक होते. आधी समेटाचेच बोलणे झाले. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत दोन्ही हकम थकले आणि म्हणाले, आता सुटण्याचे बोलू. माझ्याकडून मामू होते, त्यांच्याकडून त्यांचे बहनोई.

त्या तिसऱ्या बैठकीला मी पडद्याआडच्या खोलीत बसावे, चहा करावा, असे ठरले होते. मी शाळेतून थेट आले आणि सतरंजीवर येऊन बसले. बहनोई गप्प झाले. मामू माझ्याकडे बघेनात. मग अब्बा म्हणाले, "बैठने दो, उसीका काम है." चहा त्या दिवशी अब्बांनी आणला.

कागद त्यांच्याकडून लिहूनच आणला होता. वर लिहिले होते 'खुलानामा'. खाली, पत्नीने स्वखुशीने मेहेर माफ केले आहे. माझे मेहेर एकवीस हजार, सगळे उधार. खुला म्हणजे पत्नीने सुटका मागायची आणि बदल्यात काही परत द्यायचे. हजरत साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहेरात मिळालेली बाग परत दिली, ती हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण तिला बाग मिळाली तरी होती! मला मिळालेच नव्हते ते मी काय परत देणार? आणि मी एकटीने कुठे मागितली होती सुटका? मामू म्हणाले, "एक लफ्ज का फरक है, कायकू अडती?" मी मुलांच्या वह्यांत रोज नुक्त्याच्या चुका लाल शाईने काढते. म्हटले, मामू, लफ्ज बदला, नाहीतर मी सही करत नाही. एकवीस हजारांत काय येते, हे मला कळत होते. पण पुढे माझी मुलगी हा कागद वाचणार होती, आणि त्यात तिची आई सुटण्यासाठी हक्क सोडून गेली असे लिहिलेले मला नको होते.

बैठक मोडते की काय, असे झाले. आणि इथे मला उपयोगी पडले ते आमच्या गल्लीतले वयस्कर वकीलसाहेब. धर्माने लिंगायत, पण रहीमबीच्या निकालाची प्रत त्यांच्याच कपाटात होती. त्यांनी मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. मिनेसोटा राज्यात स्टुअर्ट वेब नावाच्या वकिलाने १९९० मध्ये कोर्टात भांडणाऱ्या केसेस घेणेच बंद केले आणि सहकार्याने घटस्फोटाची एक पद्धत काढली. नवरा, बायको आणि दोघांचे वकील एका टेबलाशी बसतात आणि आधीच लिहून देतात की कोर्टात भांडायचे नाही. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांना प्रकरण सोडावे लागते. कोर्टात दुसरे वकील. म्हणजे भांडण लांबले तर वकिलाचा फायदा नाही, उलट तोटा. ऐकून मला वाटले, आपल्या हकमांना हेच बंधन हवे. आमच्याकडे पंच आज समेटाला बसतो आणि उद्या तोच साक्षीदार होऊन कोर्टात बसल्या गोष्टी सांगतो. मग बैठकीत मन मोकळे कोण करणार? दोन्ही हकमांनी आमच्या कागदावर लिहून दिले की इथले बोलणे ते बाहेर नेणार नाहीत. बहनोईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलू लागले.

शेवटी कागद झाला मुबारातनामा. मी उर्दू शिकवते, पण कागद मराठीत केला, कारण तो तलाठ्यापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना वाचता आला पाहिजे. तेव्हा शंभर रुपयांचा बाँड चालायचा. मेहेर दोन हप्त्यांत. जहेजची भांडी यादीप्रमाणे परत. यादी अब्बांनी निकाहच्या दिवशीच करून ठेवली होती, त्यामुळे वाद फक्त एका हंड्याचा झाला. मुलगी माझ्याकडे. दर दुसऱ्या रविवारी ती अब्बूंकडे. तिच्या खर्चाला महिना तीन हजार. इद्दतचा खर्च वेगळा.

वकीलसाहेबांनी बजावले, एवढ्यावर थांबू नका. बाँडपेपर घरात ठीक, उद्या पासपोर्टला, रेशनकार्डाला विचारतील. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये खुला, मुबारात अशा कोर्टाबाहेरच्या घटस्फोटांना मान्यता देणारा निकाल दिला होता. कुटुंब न्यायालयाने त्यात लांबण न लावता फक्त घोषणा करावी, असे त्यात होते. आमच्यावर तो बंधनकारक नव्हता, पण दाखवायला होता. आम्ही दोघांनी मिळून नांदेडला अर्ज केला. कोर्टाची पायरी नक्को म्हणणारी अम्मी त्या दिवशी आमच्यासाठी डबा देत होती, आणि तो आम्ही एकाच बाकावर बसून खाल्ला. शेजारच्या बाईने विचारले, "तुमची केस कुणाविरुद्ध?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. दोन तारखांत काम झाले.

परवा आमच्या शाळेतल्या एका नव्या बाईंनी माझ्या मुबारातनाम्याची झेरॉक्स मागितली. दिली. देताना सहाव्या कलमावर पेन्सिलीने खूण केली. तीन हजार लिहिले, पण दरवर्षी किती वाढ, हे लिहायचे आम्हा सगळ्यांच्या ध्यानातून गेले. मुलीच्या हक्काचे पैसे कुठल्याही करारात अडकून पडत नाहीत, अर्ज करता येतो, असे वकीलसाहेब म्हणतात. मुलगी आता तिसरीत आहे. मागच्या रविवारी ती परत आली तेव्हा मी दारातच त्यांना म्हटले, फी वाढली आहे. ते म्हणाले, "देखते." पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारणार आहे. मामू आता थकलेत, पण बहनोईंचा नंबर माझ्याकडे आहे.