चूक नेमकी येते कुठून?



माझा धाकटा भाऊ चाकणला एका जर्मन कंपनीत आहे. मागच्या वर्षी तिकडच्या एका इंजिनिअरचा त्याला मेल आला, 'आय विल इव्हेन्च्युअली कम ऑन मंडे.' भावाने गाडी सांगितली, मीटिंग ठरवली. सोमवारी कुणीच आलं नाही!

नंतर उलगडा झाला. जर्मनमध्ये 'एव्हेंटुएल' म्हणजे 'कदाचित'. इंग्रजीत 'इव्हेन्च्युअली' म्हणजे 'शेवटी, उशिरा का होईना'. बिचाऱ्याला म्हणायचं होतं, "जमलं तर येईन."

भाऊ म्हणाला, "ताई, अगं असे कितीतरी शब्द आहेत." 'बेकोमेन' म्हणजे मिळणे, म्हणून मेल 'मिळाला' म्हणायचं तिथे काही जण 'बिकम' वापरतात. 'आक्टुएल' म्हणजे सध्याचा, म्हणून सध्याच्या दरपत्रकाला 'अ‍ॅक्च्युअल प्राइस लिस्ट' म्हणतात. 'शेफ' म्हणजे साहेब, पण 'माय शेफ' ऐकून इंग्रजीवाल्याला आचारी आठवतो!

इथपर्यंत मी हसत होते. मग त्याने आणखी एक वाक्य सांगितलं, 'आय वर्क हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' माझं हसू थांबलं.

कारण सांगू का? चौथीच्या वर्गात एक मुलगी उठून म्हणाली होती, 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.' मी म्हटलं, "चूक! बस खाली." वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस ती इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नव्हती.

आता बघा, 'मी तीन वर्षांपासून इथे राहते' हे मराठीत वर्तमानकाळातच येतं. जर्मनमध्येही तसंच. इंग्रजीला मात्र तिथे 'हॅव लिव्ह्ड' आणि 'फॉर थ्री इयर्स' लागतं. दुसरं उदाहरण 'पर्यंत'चं. शुक्रवारपर्यंत थांबा आणि शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या, दोन्हीकडे आपला एकच 'पर्यंत'. जर्मनचाही एकच 'बिस'. इंग्रजीत पहिल्याला 'अंटिल', दुसऱ्याला 'बाय'. म्हणून तेही चुकतात, आपणही चुकतो.

म्हणजे ती मुलगी बिनडोकपणे बोलत नव्हती. मराठीचा नियम तिने इंग्रजीला लावला होता. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चूक सुधारायची नाही, असं मी म्हणत नाही. एका शब्दापायी भावाचा दिवस फुकट गेलाच की! पण आता मी आधी विचारते, "बाळा, मराठीत काय म्हणायचं होतं?" मग दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिते. फरक कुठे आहे, ते मुलंच शोधतात.

त्या मुलीला मी वर्गासमोर "माझं चुकलं" म्हटलं. ती अजून हळूच बोलते, पण बोलते.

तुम्हीही लाल पेन उचलण्याआधी एकदा विचारून पाहा.