व्हिडिओत असा आवाज नव्हता

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. रांझीच्या एका मॅरेज गार्डनसमोर वरात थांबली होती. नवऱ्या मुलाचे मामा गर्दीतून वाट काढत आमच्या ठेल्यापाशी आले, खिशातून फोन काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर आमचाच व्हिडिओ चालू होता. लाल कोट, सोनेरी झालर, चार ट्रम्पेटवाले एका ओळीत.

“हे तुम्हीच ना?”

मी हो म्हटलं.

“मग व्हिडिओत असा आवाज नव्हता.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. व्हिडिओतला आवाज आमचा नव्हताच. ते मला माहीत होतं, कारण तो व्हिडिओ मीच केला होता. पण त्या वेळी मी कीबोर्डचा आवाज थोडा वाढवला, “आता ऐका, मामाजी,” म्हणालो आणि पुढच्या गाण्यासाठी मास्टरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं.

मी जबलपूरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. कीबोर्ड, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे एका ठेल्यावर बसवलेले असतात. दोघं जण ठेला ढकलतात आणि मी त्याच्या मागे चालत चालत वाजवतो. माझ्या पुढे ढोल, साइड ड्रम, युफोनियम, ट्रम्पेट. सगळ्यांच्या पुढे मास्टरसाहेब. ते लोकांकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात. रस्त्यात खड्डा असो की गाय, त्यांना मागचं कसं दिसतं हे मला अजून कळलेलं नाही. क्लॅरिनेटचं टोक वर गेलं की गाणं बदलायचं, डावा खांदा झुकला की ठेका. आमच्या बँडात कागदावर लिहिलेलं काही नसतं. सगळं त्या माणसाच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले. मराठी घरात पेटीला मान आहे, तबल्याला आहे, भावगीताला तर आहेच. बँडला नाही. गोलबाजारच्या दत्तमंदिरात कुणी माझी चौकशी केली की आई सांगते, “संगीत क्षेत्रात आहे.” ते खोटं नाही. फक्त हे क्षेत्र रस्त्यावर आहे, एवढं ती सांगत नाही.

विनोबांनी या शहराला संस्कारधानी म्हटलं आणि तेव्हापासून जबलपूर ते बिरुद मिरवत आलं आहे. पण इथल्या बँडचं नाव काढणारे लोक दूरवर निघतात. 1992 मध्ये जबलपूरचा श्याम ब्रास बँड इंग्लंडला गेला होता. त्यांच्याबरोबर वाजवलेल्या तिथल्या काही वादकांना त्या वाजवण्याची अशी गोडी लागली की त्यांनी लंडनमध्ये ‘बॉलीवूड ब्रास बँड’ उभा केला आणि हिंदी सिनेमातली गाणी वाजवायला सुरुवात केली. त्या वेळी ना फोनवर व्हिडिओ होते, ना हॅशटॅग. माणसांनी समोर उभं राहून ऐकलं, एवढंच. मास्टरसाहेब हा किस्सा दर हंगामात एकदा तरी सांगतात. ते त्या दौऱ्यात नव्हते, पण सांगताना त्यांचा आवाज असा चढतो की ऐकणाऱ्याला ते होते असंच वाटावं.

आमचं वर्ष पंचांगावर चालतं. देवउठनी एकादशीला देव उठतात तेव्हा आम्हीही उठतो. डिसेंबरच्या मध्याला खरमास लागतो, मुहूर्त थांबतात. संक्रांतीनंतर पुन्हा सुरू होतात आणि आषाढीला देव झोपले की आमचा लाल कोट पेटीत जातो. मग कुणी गावी शेतीला, कुणी ई-रिक्षावर, कुणी घरं रंगवायला. मधे दसऱ्याच्या चल समारोहाची आणि गणपतीची थोडी कामं. महाराष्ट्रातले बँडवाले ज्याला सुपारी म्हणतात त्याला आमच्याकडे साई म्हणतात. तारीख पक्की करायला दिलेले पैसे. साईच्या वहीत किती पानं भरली यावर सगळ्यांच्या घरची चूल अवलंबून.

2020 मध्ये ती वही उलटी फिरली. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि उन्हाळ्याचा अख्खा हंगाम गेला. मालकांनी घेतलेल्या साया परत केल्या. ट्रम्पेटवाली पोरं रिकामी बसून टिकटॉकवर वाजवत होती आणि त्यातल्या एकाला बऱ्यापैकी लोक पाहायलाही लागले होते. 29 जूनला सरकारने 59 अ‍ॅपवर बंदी घातली. पोरगा सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बड्डे, सगळं गेलं.” त्याचं दुकान उघडायच्या आधीच बंद झालं होतं.

पण मालकांच्या डोक्यात गोष्ट बसली. गिऱ्हाईक आता दुकानात येऊन बँड ऐकत नाही, ते फोनवर बघतं. “तुला कॉम्प्युटर कळतो, हे तू सांभाळ,” ते मला म्हणाले. मला कीबोर्ड कळतो, कॉम्प्युटर नाही. तरी मी शिकलो. फोन उभा धरायचा. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. तीस सेकंदांपेक्षा जास्त लांबवायचं नाही. हसरे चेहरे, चमकणारं पितळ, भरपूर उजेड.

उजेडाची अडचण होती. वराती रात्रीच्या. उजेड येतो तो वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर झुंबरं घेऊन चालणाऱ्या बायकांकडून. सगळ्या तारेने एकमेकींना आणि मागच्या जनरेटरला बांधलेल्या, त्यामुळे एकीला थांबता येत नाही की पुढे जाता येत नाही. त्यांचा उजेड ट्रम्पेटवर पडला की चित्र सुरेख दिसायचं. पण त्यांच्या दमलेल्या चेहऱ्यांनी लग्नाचं चित्र बिघडायचं. म्हणून मी कडा कापल्या. उजेड ठेवला, तो वाहणाऱ्या बायका काढल्या.

मग मास्टरसाहेब. समोरून व्हिडिओ घेतला तर त्यांची पाठ येते. वय सत्तरीच्या पुढे, कोट ढगळ झालेला आणि थंडीत गणवेशावर तपकिरी मफलर. गार हवेत क्लॅरिनेटचा सूर उतरतो. फुंकणाऱ्याचा गळाही बसला तर काहीच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते फ्रेमच्या बरोबर मधोमध यायचे. मी फोन थोडा उजवीकडे वळवला. चार तरुण ट्रम्पेटवाले आले, ते गेले. अर्ध्या सेकंदाचं काम. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही.

आवाजाचं त्याहून अवघड. बँडच्या जवळ फोन धरला की आवाज फाटतो. लांब धरला तर गाड्यांचे हॉर्न आणि फटाके. एकदा चांगला आवाज मिळाला तर अ‍ॅपनेच तो बंद केला, कारण चाल सिनेमातली, हक्क कंपनीचे. गंमत अशी की आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये, धार्मिक विधीच्या वेळी गाणं वाजवायला सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. रस्त्यावर वाजवलं तर आम्हाला कुणी अडवू शकत नाही. तेच अ‍ॅपवर चढवलं की ती वरात राहत नाही. तिथे कायद्यातली ती ओळ आमच्या उपयोगाची नाही.

अ‍ॅपने मात्र एक सोपी वाट ठेवलेली असते. त्यांच्या यादीतून मूळ गाणं निवडा आणि तुमच्या चित्रावर लावा. त्याचे पैसे त्यांनी कंपनीला दिलेले असतात. वर ते गाणं शोधणाऱ्यांना तुमचा व्हिडिओही दिसतो. मी तेच केलं. आमची पोरं ट्रम्पेट फुंकताना दिसत होती आणि ऐकू येत होतं मुंबईच्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग. ठेका जुळवायला मला अर्धा तास लागला. जुळला तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

व्हिडिओ चालला. कटनीहून, नरसिंहपूरहून, मंडल्याहून फोन आले. साईची वही भरायला लागली. मालकांनी मला हंगामाच्या शेवटी वेगळं पाकीट दिलं. लोक विचारायचे, “ती चार मुलं येतील ना?” एका रात्री दोन वराती असल्या की ट्रम्पेटवाले व्हिडिओ बघून आलेल्या गिऱ्हाईकाकडे जायचे आणि मास्टरसाहेब जुन्या ओळखीच्या घरी, उरलेल्या माणसांना घेऊन.

रांझीच्या त्या रात्री सगळे एकत्र होते. वरात आत गेल्यावर आम्ही टपरीवर चहा घेत होतो. “मामाजी काय दाखवत होते?” मास्टरसाहेबांनी विचारलं. मी फोन दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, व्हिडिओ तीनदा पाहिला. आम्ही बोलत होतो हिंदीतच. मी आठवेल तसं लिहितो.

“यात क्लॅरिनेट कुठे गेलं?”

“हे मूळ रेकॉर्डिंग आहे, मास्टरसाहेब. त्यात क्लॅरिनेट नाही.”

“मग हे चौघं काय करतायत?”

“वाजवतायत. वरून आवाज दुसरा लावलाय.”

ते थोडा वेळ चहाकडे बघत राहिले. मग हसले. “बेटा, तीस वर्षं आपण लोकांना सांगतोय की डीजे लावू नका, तो रेकॉर्ड वाजवतो, आमच्याकडे माणसं वाजवतात. आता आपणच रेकॉर्ड वाजवला.”

फोन परत देताना ते आणखी काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. स्वतः त्यात का नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. कॅमेऱ्याचा कोन, अंधार, काहीही. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्याने पुसायला लागले.

चार दिवसांनी अधारतालला वरात होती. हवा बोचरी होती. गाणं रंगात आलं तसा मी सवयीने एका हाताने फोन काढला आणि ट्रम्पेटवाल्यांना समोरून घ्यायला ठेला सोडून पुढे गेलो. मास्टरसाहेबांचा गळा उघडा होता. मफलर नव्हता. कोटाचं वरचं बटण लावलेलं होतं, केस पाणी लावून बसवलेले. मी फोन वर केला आणि ते वळले. आयुष्यभर लोकांकडे पाठ करून वाजवणारा माणूस माझ्या फोनकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

बँडला त्यांचं अंग दिसेना. कडव्याच्या शेवटी त्यांनी चाल बदलली, युफोनियमने ती पकडली, ट्रम्पेटवाले जुन्याच गाण्यात राहिले, ढोलवाला दोघांच्या मधे अडकला. नाचणारे थांबले. कुणीतरी शिटी मारली. मास्टरसाहेबांना आधी कळलंच नाही, ते डोळे फोनवर ठेवून वाजवत होते. मग कळलं. ते वळले, क्लॅरिनेटचं टोक वर गेलं, दोन मात्रांत सगळे जागेवर आले. मी फोन खिशात टाकला. ठेल्यापाशी परत येऊन वाजवायला लागलो तेव्हा पहिल्या काही पट्ट्या चुकीच्या पडल्या. थंडीमुळे, असं मी शेजारच्या पोराला सांगितलं.

त्या रात्री घरी गेल्यावर मला एक साधी गोष्ट सुचली. ती आधी सुचायला हवी होती. इतकी वर्षं मी मास्टरसाहेबांची पाठ कधी पाहिलीच नव्हती. ठेल्यामागून मला रोज त्यांचा चेहराच दिसतो. आता मी फोन ठेल्याच्या दांडीला कीबोर्डच्या वर बांधतो. तिथून बँडच्या पाठी दिसतात, दोन्ही बाजूंनी डोक्यावर उजेड घेऊन चालणाऱ्या बायका दिसतात आणि मधोमध, आमच्याकडे बघत, मफलर गुंडाळलेले मास्टरसाहेब. आवाज आहे तसा ठेवतो. त्यात हॉर्न आहेत, फाटलेला ढोल आहे आणि सगळ्यांच्या वरून जाणारं क्लॅरिनेट आहे.

हे व्हिडिओ फारसे कुणी बघत नाही. दोनाचा आवाज अ‍ॅपने बंद केला. जुना व्हिडिओ मी काढलेला नाही. मालक काढू देणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही हट्ट धरलेला नाही, कारण वहीतली पानं त्याच्यावरच भरतात आणि त्यातलं एक पान मास्टरसाहेबांच्या घरी जातं. एवढंच करतो की कुणाचा फोन आला की साई घ्यायच्या आधी त्यांना ठेल्यावरून घेतलेला व्हिडिओ पाठवतो. “आम्ही असे वाजतो,” असं खाली लिहितो. काही जण पुन्हा फोन करत नाहीत. जे करतात, त्यांच्या वरातीत फोन काढून तक्रार करायला अजून तरी कुणाचे मामा आलेले नाहीत.

मास्टरसाहेबांना मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो कानाला लावून ऐकला, बघितला नाही. “दुसऱ्या कडव्यात तू घाई करतोस,” एवढं म्हणाले.