सड्यावरचा वारा आणि गावाचा हिशेब

सुट्टीत मुलाबाळांना कोठे न्यायचे म्हटले की आपल्यासमोर महाबळेश्वर नाहीतर पन्हाळा उभा राहतो. तेथील खर्च आपल्या पगारात बसत नाही. म्हणून या खेपेस इस्लामपूरकरांना मी दुसरी वाट सुचवतो. (शासनदरबारी २०२५ साली आपले गाव ईश्वरपूर झाले, परंतु लोकांच्या तोंडी अजून इस्लामपूरच आहे.) भाकरी-चटणी बांधून घ्या आणि सकाळच्या एस. टी. ने निघा. पेठ नाका, कासेगाव, कराड करीत कोयनेच्या काठाने पाटण गाठावे. तेथून घाट चढला की सडावाघापूरचे पठार लागते.

पावसाळ्यात येथे एक नवल दिसते. कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता वाऱ्याने पुन्हा वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. मुले नाचतात, मोठी माणसे भिजतात. परंतु जो वारा पाणी उलटे फेकतो, त्याची खरी किंमत पाण्यापलीकडे उभ्या असलेल्या पवनचक्क्यांकडे पाहिल्यावर कळते. तशीच रांग पुढे वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर आहे. वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. एकट्या त्या पठारावर २०० मेगावॉटहून अधिक क्षमतेच्या चक्क्या उभ्या राहिल्या.

माझ्या मुलीने विचारले, "बाबा, सगळ्या सारख्याच वाऱ्यात आहेत, मग काही फिरतात आणि काही गप्प का?"

प्रश्न साधा, पण उत्तर मोठे आहे. यांतील पुष्कळ चक्क्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे धरतात. म्हणजे त्या आता म्हाताऱ्या झाल्या. सुटे भाग मिळणे अवघड होते, दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि मालक हात आखडता घेतो.

येथे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या कारकुनाला एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे घसारा! पवनचक्की घेणाऱ्याला तिच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम एकाच वर्षात घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवता येत असे. एप्रिल २०१७ पासून ही सवलत ४० टक्क्यांवर आली. त्यामुळे मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांपासून अनेकांनी येथे चक्क्या घेतल्या. काहींना विजेपेक्षा करबचत मोठी वाटली असेल. शिवाय राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने नव्या चक्क्यांच्या विजेला युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर मिळाला. ती वर्षे संपली, दराची हमी संपली.

म्हणूनच आता जुन्या उतरवून नव्या, ताकदवान चक्क्या उभारण्याची भाषा सुरू आहे. केंद्र सरकारने त्यासाठी २०१६ साली धोरण केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सुधारले. दोन मेगावॉटपेक्षा लहान चक्क्या बदलल्या तर देशात सुमारे २५,४०० मेगावॉटची संधी आहे, असा सरकारी अंदाज आहे.

यामागचे गणित मुलांनाही समजावून सांगा. येथील एक जुनी चक्की ३५० किलोवॉटची, तिच्या पात्यांच्या फेऱ्याचा व्यास सुमारे ३३ मीटर. आजची ३ मेगावॉटची चक्की १४४ मीटर व्यासाची असते. व्यास चौपटीहून थोडा जास्त, पण वारा पकडणारे क्षेत्र मात्र अठरा पटींहून अधिक! आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून उंच मनोरा हवा. सारांश, आठ-नऊ जुन्या चक्क्यांचे काम एक नवी करते.

मग अडते कोठे? एक तर नव्या चक्कीचे एकेक पाते सुमारे ७० मीटर लांब. घाटाच्या ज्या वळणावर एस. टी. लाच मागेपुढे करावे लागते, तेथून ते न्यायचे कसे? दुसरे, शेजारशेजारच्या चक्क्यांचे मालक वेगवेगळे. चार मालकांच्या जागी एक चक्की उभी करायची तर वाटणी कोण करणार? तिसरे, निसर्ग. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चाळकेवाडीचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि निळ्या गळ्याचे सरडे अधिक, असे त्यांना आढळले. माथ्यावर पंखा फिरला की पायाखालचे जगही बदलते.

परंतु खरा प्रश्न माणसांचा आहे. चक्कीसाठी ज्याची जमीन गेली, त्याला निदान काही पैसे मिळाले. ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही, त्याला मिळाली फार तर रखवालदारी. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांनी पवनचक्क्यांच्या भागातील लोकांच्या हक्कांसाठी लढा दिला, हे आपल्या भागाने विसरू नये. आता आठ चक्क्यांच्या जागी एक येणार, तर रखवालदार आणि कामगारही कमी लागणार. त्या कुटुंबांची चूल कशावर पेटणार?

म्हणून नवे करार होण्यापूर्वीच गावांनी जागे झाले पाहिजे. ग्रामसभेला हजर राहा आणि कागद वाचून घ्या. ग्रामपंचायतीचा कर किती, जमिनीचे भाडे वाढत जाणार का, जुना काँक्रीटचा पाया आणि सहजी न कुजणारी फायबरची पाती कोण उचलणार, हे लेखी मागा. आय. टी. आय. झालेल्या स्थानिक मुलामुलींना चक्कीच्या देखभालीचे प्रशिक्षण द्या, हीही मागणी ठेवा. भूमिहीनांच्या मुलांना रखवालदाराच्या काठीऐवजी पाना हाती घेता आला, तर या बदलाला अर्थ आहे.

वारा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. तो सर्वांचा आहे, तर त्याच्या कमाईतही सर्वांचा वाटा हवा. पुढच्या सुट्टीत मुलांना सड्यावर जरूर न्या. धबधबा दाखवा, चक्क्या दाखवा आणि हा हिशेबही समजावून सांगा.