पडवीतलं जायरोप्लेन

जायरोप्लेनच्या डोक्यावरचा पंखा इंजिनावर फिरत नाही, हे आमच्या गागोद्यात अजून कुणाला पटलेलं नाही. "मग इंजिन कशाला?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. इंजिन पाठीमागे असतं, त्याला एक छोटा पंखा असतो आणि तो यंत्राला पुढे ढकलतो. यंत्र पुढे निघालं की वारा वरच्या मोठ्या पंख्यातून खालून वर घुसतो आणि तो पंखा आपोआप फिरत राहतो. जत्रेतलं भिरभिरं घेऊन पळणाऱ्या पोराला हे ठाऊक असतं, मोठ्यांना समजावताना मात्र नाकी नऊ येतात. हवेत इंजिन बंद पडलं तरी वरचा पंखा फिरायचा थांबत नाही, यंत्र बेताबेताने खाली येतं. मी भाळलो तो या एका गुणावर.

जन्मभर फिटरचं आणि वेल्डिंगचं काम केलेला माणूस मी. कारखाना सुटल्यावर गावी आलो, पडवी रिकामी होती, आणि पुतण्या मेकॅनिकलला शिकत होता, म्हणून तिथेच जायरोप्लेन बांधायला घेतलं. विनोबांचं जन्मघर बघायला आलेली माणसं वाट विचारत आमच्याकडेही डोकावतात. भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी हिंडलेल्या माणसाच्या गावात हा उडायला निघालाय, अशी थट्टा त्यांच्यासमोर आमचीच मंडळी करतात.

पहिले काही महिने नुसते वाचण्यात गेले. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाचं यंत्र 1923 साली नीट उडालं. त्याची आधीची यंत्रं एका अंगावर कलंडायची. फिरताना पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त मिळतो, मागे जाणाऱ्याला कमी, म्हणून एक बाजू उचलली जाते. त्याने पाती बिजागरीवर बसवली, ती वरखाली हलू लागली आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या. घरगुती यंत्रात दोनच पाती असतात आणि ती मधोमध एका आडव्या बोल्टवर झुलतात. सगळं वजन त्या एका बोल्टवर येतं. पुढे अमेरिकेत इगोर बेन्सनने 1950च्या दशकात इतकं साधं यंत्र आखलं, की त्याचे आराखडे मागवून लोक घरी बांधू लागले.

बेन्सनचा सांगाडा दोन इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइपचा. पाइप पेणलाही मिळतो, पण तो खिडक्यांचा, 6063 जातीचा. इथे लागतो 6061-टी6, आणि तो मुंबईहून, कारखान्याच्या दाखल्यासकट आणावा लागतो. वर आणखी एक अट: त्याला वेल्डिंग करायचं नाही. आच लागली की जोडाच्या आसपासचा भाग मऊ पडतो, कडकपणा निघून जातो. म्हणजे सगळे जोड पट्ट्या आणि नटबोल्टचे. आयुष्यभर वेल्डिंगवर पोट भरलेल्याला हे पचायला जड गेलं. मशीन माळ्यावर टाकलं आणि ड्रिल काढलं.

इंजिनासाठी गावातल्या प्रत्येकाची सूचना एकच, मारुती 800. ते 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, जेमतेम 37 हॉर्सपॉवरचं. बेन्सनने वापरलेलं मॅकलॉक इंजिन 72 हॉर्सपॉवरचं होतं आणि वजनाला कितीतरी हलकं. मारुतीला गती कमी करणारा पट्टा लावून ढकलणारा पंखा मोठा बसवता येतो, पण मग तो खालच्या पाइपला घासू नये म्हणून इंजिन वर चढवावं लागतं. सगळ्या आराखड्याची गोम तिथेच आहे.

इंजिन वर गेलं की ढकलण्याची रेषाही वर जाते. माणूस मात्र खाली बसलेला, म्हणजे गुरुत्वमध्य खाली. ढकल गुरुत्वमध्याच्या वरून लागली की यंत्राचं नाक सतत खाली जाऊ पाहतं. एरवी वरच्या पंख्याची ओढ त्याला आवरून धरते. पण चालवणाऱ्याने दांडा झटक्याने पुढे केला आणि पंख्यावरचा भार क्षणभर सुटला, की आवरणारं कुणी उरत नाही. यंत्र पुढच्या पुढे कोलांटी खातं, पंख्याची गती मरते आणि ती हवेत पुन्हा येत नाही. इंजिन बंद पडल्यावर जपणारं हेच यंत्र असं माणसं मारतं, आणि जुन्या धाटणीच्या यंत्रांवर अशी बरीच गेली.

आम्ही सांगाडा आढ्याला टांगला. इंजिनाच्या जागी लोखंडाचे तुकडे आणि सीटवर माझ्या वजनाचं भाताचं पोतं बांधलं. आधी एका बिंदूतून टांगून ओळंबा सोडला, पाइपवर खडूची रेघ मारली. मग दुसऱ्या बिंदूतून. दोन रेघा छेदतात तो गुरुत्वमध्य. ढकलण्याची रेषा त्याच्या चांगली वीतभर वर निघाली.

"काका, सीट वर घ्या," पुतण्या म्हणाला.

"आणि चाकं?"

"ती लांब लांब पसरायची, नाहीतर जमिनीवरच आडवं होईल."

सीट वर गेली, चाकं पसरली, आणि मागच्या पंख्याच्या झोतात येईल अशी रुंद आडवी शेपटी आखली. आता यंत्र जरा बेढब दिसतं. मला तेच आवडतं.

पाती घरी करायची नाहीत, हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं. 22 फुटी पंखा मिनिटाला 350 फेऱ्या घेतो तेव्हा टोकाचा वेग ताशी 440 किलोमीटरच्या आसपास असतो. दहा किलोचं पातं तेव्हा मधल्या जोडाला दोन टनांहून जास्त जोराने ओढत असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल, लोक त्याला मुन्ना म्हणत, पत्र्याची कामं करणारा. त्याने मारुतीचंच इंजिन लावून हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये जमिनीवरच्या चाचणीत पातं लागून तो गेला. वय 24. त्याचं यंत्र वेगळ्या जातीचं, पण ती बातमी मी कापून पडवीच्या खांबाला लावली आहे.

उडवणार कुठे, हाही प्रश्न आहेच. जायरोप्लेन हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी उठत नाही, त्याला धाव लागते. आधी वरचा पंखा गतीत आणायचा आणि मग धावायचं. घाई केली तर पाती जमिनीला आपटतात. आमच्याकडे भात कापल्यावर जमीन मोकळी दिसते खरी, पण दर खाचराला बांध, आणि लगेच वाल पेरलेले. शेजारचे काका म्हणाले, "वालाच्या पोपटीला ये, धावायला दुसरीकडे जा." बरोबरच आहे त्यांचं.

शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नोंदणी आणि परवानगीशिवाय चाकं जमिनीवरून सुटता कामा नयेत. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तर पेशाने वैमानिक. त्यांचं विमान 2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, आणि उड्डाणाची परवानगी हातात पडली 2019 मध्ये. आमच्याकडे वैमानिकच नाही. म्हणून पाइपचे दाखले, बोल्टची बिलं, ओळंब्याच्या रेघांचे फोटो, सगळं पुतण्या तारीखवार फाइलला लावतो. उद्या कुणी जाणता माणूस तपासायला आला तर तोंडी सांगत बसायला नको.

पुतण्याची परीक्षा संपेपर्यंत शेपटीचा सांगाडा पुरा करायचा आहे. तिच्यासाठी लागणारी पातळ मरीन प्लाय पेणला मिळाली नाही, ती मुंबईहून आणायची आहे. आणि घरच्यांचं म्हणणं, भात घरात यायच्या आत पडवी रिकामी हवी.