भुलभुलैया : जुना आणि नवा

लखनौच्या बड्या इमामबाड्यात प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला वाटाडे एक लहानसा प्रयोग करून दाखवतात. सुमारे ५० मीटर लांबीच्या दालनात एका टोकाला आगकाडी ओढली जाते आणि तिचा आवाज दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर जिना चढून प्रवासी भुलभुलैयात शिरतो. अरुंद बोळ, एकसारखे दरवाजे, अंधारात अवचित लागणाऱ्या पायऱ्या! घटकाभरातच दिशांचे भान सुटते. डोळे, कान आणि पाय यांच्या साक्षीवर आपण किती विसंबून असतो, हे त्याला तेथे उमगते.

हा भुलभुलैया मूळचा करमणुकीसाठी बांधलेला नाही. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला यांनी इमामबाड्याचे बांधकाम सुरू केले. मधल्या दालनाचे छत खांब किंवा तुळया यांच्या आधाराविना उभे आहे. त्याचा भार पेलताना बांधकामाचे वजन वाढू नये म्हणून त्यात पोकळ बोळ ठेवले गेले, असे सांगतात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये याच शहरात संगीत महाविद्यालय सुरू झाले. संगीताच्या ओढीने लखनौत आलेल्या एका मराठी गृहस्थांच्या पत्नीने, नवी नवरी असताना, हा भुलभुलैया चढून गच्चीवरून रूमी दरवाजा पाहिला होता. आज ती आजी झाली आहे. गुडघ्यांमुळे घराचा जिनाही तिला उतरवत नाही. दहावीनंतर शाळा सुटलेला तिचा नातू संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आजीला ती गच्ची पुन्हा एकदा दाखवावी, ही त्याची इच्छा होती. दुकानमालकाने एका संध्याकाळपुरता आपला व्हीआर हेडसेट त्याला दिला. गच्चीवरून चारही दिशांना फिरणारी एक चित्रफीत त्याने आधीच मिळवून ठेवली होती.

डोळ्यांना फसवून दूरचे जग जवळ आणण्याची हौस नवी नाही. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली, तर मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आपल्या उपकरणाने दाखवून दिले. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर हलवून दाखवली, तेव्हा प्रेक्षक चकित झाले होते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचे दर्शक यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की, छताला टांगूनच वापरावे लागे.

आजीने हेडसेट चढवला. “अरे, हा तर रूमी दरवाजा!” ती हरखून म्हणाली. मान वळवावी तिकडे आकाश होते. मग कठड्यावरून खालचे अंगण पाहण्यासाठी ती सहज पुढे वाकली. परंतु अंगण जवळ आले नाही. कठडा तिच्याबरोबरच पुढे सरकला. तिला गरगरल्यासारखे झाले आणि तिने घाईने हेडसेट काढला.

असे का घडावे? मान वळली की चित्र वळते, एवढे ती चित्रफीत करू शकत होती. शरीर पुढे गेले, हे मात्र तिला कळत नव्हते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हललो’ असे सांगत होते आणि डोळे ‘नाही’ म्हणत होते. दोन साक्षीदारांच्या या विसंवादातूनच मळमळ उद्भवते. ती टाळायची, तर दृश्य आधी टिपून ठेवून भागत नाही. पाहणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीनुसार ते नव्याने रचावे लागते, तेही दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे आणि सेकंदाला ९० वेळा किंवा त्याहूनही अधिक. म्हणूनच उच्च दर्जाचे हेडसेट शक्तिशाली संगणकाला जोडले जातात.

अशा हेडसेटांना बळ मिळाले ते संगणकीय खेळांमुळे. २०१२ मध्ये ‘ऑक्युलस’ने लोकवर्गणीतून पैसा उभा केला आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. २०१६ मध्ये ‘रिफ्ट’ आणि ‘व्हाइव्ह’, तर २०१९ मध्ये ‘व्हॉल्व्ह इंडेक्स’ बाजारात आले. २०२० मधील ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ हा खेळ खास याच माध्यमासाठी रचलेला होता. तरीही अपेक्षित गर्दी जमली नाही. २०१७ मध्ये भारतात आलेल्या व्हाइव्हची किंमत सुमारे ९३ हजार रुपये होती आणि संगणकाचा खर्च वेगळा. शिवाय त्यात चालून पाहायचे, तर किमान २ मीटर लांब व दीड मीटर रुंद मोकळी जागा हवी. दाटीवाटीच्या घरांत एवढी जागा पलंग उभा केल्याशिवाय मिळत नाही!

साहजिकच मोठ्या कंपन्या संगणकाविना चालणाऱ्या, तुलनेने स्वस्त हेडसेटांकडे वळल्या. पण त्यांतील लहान यंत्राला मोठ्या संगणकाचे काम झेपत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केलेल्या ‘स्टीम फ्रेम’ने मधला मार्ग काढला. त्यात स्वतःचे प्रक्रियायंत्र आहे आणि घरातील संगणकाकडून बिनतारी मार्गाने चित्रही घेता येते. डोळा ज्या बिंदूकडे पाहत असेल, तेथील चित्र सर्वांत स्पष्ट पाठवायचे आणि कडेचे कमी तपशिलाने, अशी तिची युक्ती आहे. मानवी डोळाही असेच पाहतो. भार हलका करण्याची ही युक्ती भुलभुलैयाच्या पोकळ बोळांची आठवण करून देते.

उच्च दर्जाच्या हेडसेटांचे भविष्य या दिशेने जाईल, असे दिसते. मात्र ते सर्वांच्या आवाक्यात येईल, असे खात्रीने म्हणवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस संगणकातील मेमरी चिपच्या किमती चढल्या आणि साधा संगणक जुळवणेही महाग झाले. मेटा कंपनीच्या या विभागाला २०२४ या एका वर्षात १,७०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. एवढा तोटा सोसणारे किती काळ सोसतील, यावरही हे भविष्य अवलंबून आहे.

त्या संध्याकाळी नातू खट्टू झाला. आजीला आनंद द्यायला गेलो आणि तिला त्रास झाला, असे त्याला वाटले. आजीने पाण्याचा घोट घेतला आणि ती म्हणाली, “दिसलं रे सगळं. पण वारा नाही लागला. त्या दिवशी गच्चीवर एवढा वारा होता की, माझा पदर सारखा उडत होता, आणि हे हसत होते.”

यापूर्वी ही आठवण तिने कधी सांगितली नव्हती. नातवाने हेडसेट पेटीत ठेवला आणि तिच्याजवळ बसून तो एकेक गोष्ट विचारू लागला. कठडा किती उंच होता? बोळात उजेड कोठून येत होता? खाली कोण उभे होते? दुरुस्तीच्या वहीच्या कोऱ्या पानांवर तो ते सारे टिपून घेत होता. पाहणारी व्यक्ती वाकेल तसे अंगण खरोखरच जवळ येईल, अशी गच्ची संगणकावर रचायला शिकण्याचे त्याने मनाशी ठरवले होते. त्यासाठी लागणारी विद्या आणि संगणक, दोन्ही त्याला अजून मिळवायचे होते.

वारा मात्र कोणत्याच हेडसेटात नव्हता. तो आजीच्या बोलण्यात होता, आणि त्यासाठी तिच्याजवळ बसणे पुरेसे होते.